हलव्याच्या दागिन्यांची वेबसाइट: सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा

ए-२०३ काकू: नमस्कार मंडळी. माझ्या हलव्याच्या दागिन्यांची वेबसाइट भाच्याने करून दिलीय, लिंक वर टाकलीय बघा. बघायला लोक येतात म्हणे पण ऑर्डर सगळ्या फोनवरच, आणि प्रत्येकजण तेच विचारतो, बाळ वर्षाचं आहे त्याला होईल का, नागपूरला कधी पोचेल, सेटमध्ये नक्की काय काय येतं. ऐन सीझनला एका हातात पाकाची पळी न दुसऱ्या हातात फोन. काय बदलू ते मोकळेपणाने सांगा.

सी-५०४: मस्त आहे साइट काकू, फोटो पण छान

बी-३०१ ताई: काकू मला नाही पटले फोटो. काम इतकं सुंदर आहे, आमच्या छोटीच्या बोरन्हाणाला तुमचाच सेट होता म्हणून सांगते, पांढरा हलवा पांढऱ्या चादरीवर ठेवलाय त्यात दाण्यावरचा काटाच दिसत नाहीये. तो काटा यावा म्हणून तुम्ही मंद आचेवर थोडा थोडा पाक सोडत तासन् तास हाताने हलवत बसता, मग तोच दिसला नाही तर घेणाऱ्याला गुळगुळीत साखरेच्या मण्यांत न तुमच्या हलव्यात फरक कसा कळायचा? काळ्या कापडावर ठेवा. सकाळी खिडकीपाशी, फ्लॅश बंद, उजेड समोरून नको बाजूने येऊ दे, म्हणजे प्रत्येक काट्याची बारीक सावली पडते न दाणा उठून दिसतो.

ए-२०३ काकू: चंद्रकळेवर ठेवू का मग? माझी जुनी आहे

बी-३०१ ताई: अगं बाई, चंद्रकळेवर तर सुरेखच दिसेल! फक्त जरीचा काठ फ्रेममध्ये फार घेऊ नका, नजर तिकडे जाते. आणि एक फोटो अंगावर घातलेला हवाच, नुसता मांडून ठेवलेला मुकुट केवढा आहे ते कळत नाही.

ए-७०२ दादा: काकू माझं कामच वेबसाइटचं आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. साइट मोबाइलवर उघडायला फार वेळ घेतेय, कारण फोटो फोनमधून जसेच्या तसे चढवलेत, एकेक चार-पाच एमबीचा आणि पहिल्याच पानावर सगळे. रुंदी १५०० पिक्सेलच्या आसपास करून वेबपी या कमी जागा घेणाऱ्या फॉरमॅटमध्ये सेव्ह केले की बहुतेक फोटो २०० केबीच्या आत बसतात आणि डोळ्याला फरक कळत नाही. पानावरचा मुख्य मजकूर २.५ सेकंदांच्या आत दिसावा असा गुगलचा निकष आहे, गुगलच्याच पेजस्पीड इनसाइट्स या साइटवर लिंक टाकली की फुकटात तपासता येतं.

पण खरी अडचण दुसरीच आहे. रथसप्तमी झाली की भाचा सगळी पानं काढून टाकतो आणि डिसेंबरमध्ये नव्या लिंकने परत चढवतो, हे अजिबात करू नका. गुगलला नवीन पान सापडून ते वर यायला वेळ लागतो, आणि तुमचा सीझन तेवढ्यात संपतो. तेच पान, तीच लिंक बारा महिने राहू दे, फक्त वर लिहा की या हंगामाच्या ऑर्डर बंद झाल्यात, पुढच्या वर्षीसाठी नंबर ठेवा. मे महिन्यात बाळ झालेली आई बोरन्हाणाचं आधीच शोधून ठेवते, तिला रिकामं पान दिसलं तर ती कशाला परत येईल.

ए-२०३ काकू: हे मला माहीतच नव्हतं रे. जुनं पान ठेवलं तर लोक जुन्या भावाने मागतील म्हणून काढायला सांगायचे

ए-७०२ दादा: भाव काढा, पान ठेवा. आणि पानांची नावं "प्रॉडक्ट ७", "प्रॉडक्ट ८" अशी आहेत ती बदला. "मुलीच्या बोरन्हाणासाठी हलव्याच्या दागिन्यांचा सेट" असं सरळ लिहा, लोक हेच टाइप करतात. बरेच जण मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत टाइप करतात, तेही वर्णनात एकदा येऊ दे.

बी-३०१ ताई: साइझचं पण बघा. स्मॉल मीडियम लार्ज वाचून कुणालाच काही कळत नाही म्हणून तर फोन येतात. इंचात द्या. मुकुटाला डोक्याचा घेर, कंबरपट्ट्याला कंबर, बाजूबंदाला दंड. वर्षाच्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण १८ इंच असतो पण सगळी बाळं सारखी नसतात, म्हणून मागे बांधायला नाडी आहे हे ठळक लिहा. तुमच्या सेटची सगळ्यात चांगली सोय तीच आहे न साइटवर तिचा उल्लेखच नाही!

सी-५०४: नवीन नवरीच्या बांगड्यांचं काय मग, त्या तर २-४, २-६ अशा मागतात

बी-३०१ ताई: तेच माप ठेवायचं, बायकांना पाठ असतं. पण परदेशातून मागवणारी मुलगी गोंधळते, तिच्यासाठी शेजारी मिलिमीटर द्या. २-६ म्हणजे २ इंच आणि वर एका इंचाचे सोळा भाग केले तर त्यातले ६, आतला व्यास साधारण ६० मिलिमीटर. २-४ म्हणजे ५७. घरातली बसणारी बांगडी पट्टीवर ठेवून आतून मोजा, एवढं एक वाक्य लिहिलं तरी निम्मे फोन कमी होतील.

डी-१०३ वहिनी: मला एक वेगळंच म्हणायचंय. दाणा कशाचा आहे हे कुठेच नाही, साबुदाणा की तीळ की खसखस, आणि दोऱ्यात ओवलाय की गमने चिकटवलाय. बाळ पहिल्यांदा ते तोंडातच घालतं हो. कडक दाणा घशात अडकू शकतो, त्यामुळे बाळाला एकटं सोडू नका, फोटो झाले की लगेच उतरवा, हे पानावर वरतीच असू दे, खाली बारीक अक्षरात नको. हे वाचून कुणी घ्यायचं थांबणार नाही, उलट विश्वास बसेल.

ए-२०३ काकू: हार ओवलेले असतात, मुकुटाला मात्र पुठ्ठ्यावर गम लागतोच. लिहिते नक्की.

सी-२०१ काका: गम असेल तर खाण्यासाठी नाही असं स्पष्ट लिहा. सुटा हलवा खायला म्हणून विकणार असाल तर एफएसएसएआयची, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते. आणि ग्राहक संरक्षणाचे ई-कॉमर्स नियम २०२० पासून आहेत, त्यात विक्रेत्याचं नाव, पत्ता, परत घेण्याच्या अटी, तक्रार कुणाकडे करायची हे साइटवर द्यावं लागतं, तक्रार आली की ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल. तुमच्या साइटवर नुसता मोबाइल नंबर आहे. दागिना नाजूक, कुरियरमध्ये तुटला तर काय, हे आजच ठरवून टाका.

ए-२०३ काकू: तुटला तर मी दुसरा देतेच काका

सी-२०१ काका: देता हे मला माहीत आहे, लातूरच्या माणसाला कुठे माहीत आहे. लिहा तसं. खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढून ठेवा असंही लिहा. आणि दमट हवेत हलव्याला पाणी सुटतं, मुंग्या लागतात, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, हेही.

ए-७०२ दादा: आणि अगदी वर एकच ओळ, शेवटची ऑर्डर कुठल्या तारखेपर्यंत. मुंबई-पुण्याची वेगळी, बाकी महाराष्ट्राची वेगळी. बोरन्हाणं रथसप्तमीपर्यंत चालतात, त्यामुळे संक्रांत झाली तरी ऑर्डर घेता हेही लिहा. सध्या साइट बघून वाटतं १४ जानेवारीला सगळं संपलं.

ए-२०३ काकू: बरं. शनिवारी सकाळी फोटो काढू या. ताई, छोटीला घेऊन येशील का, मुकुट घालून बघायला?

बी-३०१ ताई: आणते की. काळा फ्रॉक घालून आणते

ए-७०२ दादा: मी पण येतो, तिथेच फोटो लहान करून चढवतो. काकू, जावयाच्या सेटमधला नारळ सुटा मिळतो का? मिळत असेल तर त्याचं वेगळं पान करू

ए-२०३ काकू: मिळतो ना, गुच्छ पण मिळतो. दोन्हीचे भाव वेगळे, आज रात्री पाठवते तुला