अप्पांच्या डब्यात तूप नको

सी-१०१: नमस्कार. अप्पांच्या मानेच्या ऑपरेशनला आज पाच दिवस झाले. काल सकाळी त्यांना तोंडाने खायला दिलं आणि संध्याकाळी ऑपरेशननंतर मानेत बसवलेल्या नळीतून दुधासारखं पांढरं पाणी आलं. परवापर्यंत ते पिवळसर, पातळ होतं. डॉक्टर म्हणाले, काईल लीक आहे. आई फार घाबरली आहे.

बी-२०४: अगं, पू तर झाला नाही ना? आणि अशक्तपणा येईल हो त्यांना. उद्या साजूक तुपातला शिरा आणि बदामाचं दूध पाठवते. आमचा मुलगा सकाळी माजिवड्यावरूनच जातो, तो देईल.

ए-६०२: काकू, शिरा कृपा करून पाठवू नका. मी वॉर्डात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. या त्रासात नेमकं तूपच नडतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपण खाल्लेली पिठूळ आणि गोड वस्तू पचली की तिची साखर आतड्यातून थेट रक्तात जाते. तेल-तुपाचं तसं होत नाही. त्याचे बारीक थेंब लहान आतड्यातल्या लसीकावाहिन्यांत, म्हणजे लसीका (लिंफ) हा पातळ द्रव वाहून नेणाऱ्या वाहिन्यांत शिरतात. तिथल्या लसीकेत मिसळून जो पांढरा द्रव तयार होतो तो काईल. पोटातून एक मोठी लसीकावाहिनी छातीत पाठीच्या कण्यालगत वर जाते आणि मानेच्या डाव्या बाजूला मोठ्या शिरेत रिकामी होते. दिवसाला दोनेक लिटर द्रव तिच्यातून वाहतो. या वाहिनीची भिंत इतकी पातळ असते की मानेतल्या गाठी काढताना ती जपूनही दुखावू शकते.

उपाशी माणसाची लसीका पाण्यासारखी दिसते, जेवला की दुधी होते. म्हणूनच अप्पांचं काल कळलं. १६२२ साली इटलीत गास्पारे अझेली यांनी नुकत्याच खाल्लेल्या कुत्र्याचं पोट उघडलं, तेव्हा आतड्यावर पांढरे धागे दिसले. त्यांना आधी ते मज्जातंतू वाटले. एक कापला तर दुधासारखा द्रव आला. दुसऱ्या, उपाशी कुत्र्यात मात्र ते धागे दिसलेच नाहीत. शिकताना हे वाचलं तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

बी-२०४: म्हणजे पू नाही. देवाची कृपा.

ए-६०२: डॉक्टर त्या पाण्यातलं ट्रायग्लिसराइड, म्हणजे स्निग्धांश, तपासतात. ते डेसिलिटरला १०० मिलिग्रॅमच्या वर गेलं की काईलच धरतात. पण हलक्यात घेऊ नका, त्यातून प्रथिनं, क्षार आणि रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी वाहून जातात. नळीतून रोज किती आलं ते लिहून ठेवा.

बी-२०४: मग खोबरेल तेल चालेल का? ते हलकं असतं म्हणतात.

ए-६०२: नाही काकू. काही तेलांच्या रेणूंची साखळी मध्यम लांबीची असते, ती लसीकेत न शिरता आतड्यातून सरळ यकृताकडे जातात, त्यांना एमसीटी म्हणतात. खोबरेलात ती थोडीच असतात. एमसीटी तेल वेगळं मिळतं आणि ते डॉक्टर सांगतील तेवढंच द्यायचं. आपल्या स्वयंपाकात स्निग्ध पदार्थ लपून बसतात, तेच मला जास्त छळतं. कोशिंबिरीतला शेंगदाण्याचा कूट, आमटीतलं ओलं खोबरं, दह्यावरची साय. आपण "बिनतेलाचं" म्हणून पाठवतो आणि दुसऱ्या दिवशी नळी पुन्हा पांढरी.

डी-५०३: ताई, एक विचारू? गावी माझ्या मामांना दुधासारखी लघवी व्हायची. लोक म्हणायचे धातू जातो. लाजेने ते वर्षानुवर्षं कुणाकडे गेले नाहीत.

ए-६०२: दादा, तो बहुधा हाच द्रव असणार, लघवीच्या वाटेने येणारा. आपल्या देशात त्याचं मोठं कारण हत्तीरोगाचा जंतू. डास चावून तो शरीरात येतो आणि लसीकावाहिन्या तुंबतात. मग फुगलेली वाहिनी मूत्रमार्गात फुटते. तुपकट जेवणानंतर लघवी जास्त पांढरी होते. त्याचा पुरुषत्वाशी काही संबंध नाही, हे कुणीतरी त्यांना तेव्हाच सांगायला हवं होतं. लघवी तपासून उपचार होतात. आता कुणाला तसा त्रास असेल तर पाठवा.

सी-१०१: ताई, खूप धीर आला. डॉक्टरही म्हणाले, आधी आहारावर बघू, थांबलं नाही तर पुढचे उपाय आहेत.

बी-२०४: उद्याचं मीच पाठवते. कोरडे फुलके, बिनफोडणीचं वरण, उकडलेल्या अंड्याचा फक्त पांढरा भाग. चालेल ना ताई?

ए-६०२: चालेल. वरण पातळ ठेवा. ताक द्यायचं तर साय काढलेल्या दुधाचंच. डबा जायच्या आधी मला फोटो टाका, मी जागी असते सहापासून.