'संकरित' नाचणी की 'सुधारित' नाचणी?

प्रश्न : एकाच नाचणीच्या बियाण्याला कुठे 'संकरित वाण' म्हटलेले दिसते, कुठे 'सुधारित वाण'. दोन्ही चालतील का?

प्रतिसाद : नाचणीला 'संकरित' लावू नये. शेतकऱ्याच्या दृष्टीने संकरित बियाणे म्हणजे दोन ठरलेल्या वाणांच्या संकरातून आलेली पहिली पिढी. १९६४ साली आलेली सीएसएच १ ज्वारी तशी होती आणि ज्वारीमुळेच 'हायब्रीड' हा शब्द गावोगावी रुळला. त्या पिकातले दाणे राखून पेरले तर पुढच्या वर्षी गुण टिकत नाहीत, बियाणे पुन्हा विकत आणावे लागते.

नाचणी स्वपरागसिंचित, म्हणजे फुलातल्या स्वतःच्याच परागाने दाणा धरणारी. संकर करायचा तर आधी फुलातले पुंकेसर काढावे लागतात. पण फुले इतकी बारीक की ते खुडणे फार जिकिरीचे. तरीही कर्नाटकात पैदासकार (नवे वाण तयार करणारे) लक्ष्मणय्यांनी, ज्यांना लोक 'रागी लक्ष्मणय्या' म्हणतात, भारतीय आणि आफ्रिकी नाचणीचा संकर केला आणि पुढे अनेक पिढ्या निवड करून वाण स्थिर केले. इंडियातला 'इंड' आणि आफ्रिकेतला 'आफ' जोडून त्यांना 'इंडाफ' नाव मिळाले. जन्म संकरातून झाला, पण बी घरचे राखता येते. डोंगरउतारावर नाचणी करणाऱ्याने पिशवीवर 'संकरित' वाचले, तर दरवर्षीचा खर्च धरून तो मागे फिरेल. एका शब्दापायी चांगले वाण त्याच्या शेतात पोचू नये, हे मला फार लागते.

प्रश्न : मग दुकानात 'सरळ वाण' म्हणतात ते हेच का?

प्रतिसाद : हेच. खरे तर या दोन वेगळ्या जोड्या आहेत. 'संकरित'च्या समोर 'सरळ' आणि 'सुधारित'च्या समोर 'गावठी' किंवा 'स्थानिक'. कोकणातली 'दापोली १' नाचणी सुधारितही आहे आणि सरळही. सीएसएच १ सुधारित होती, पण सरळ नव्हती.

'गावठी' मात्र कमी लेखण्याच्या सुरात वापरू नये. करपा रोगाला दाद न देणारे गुण पैदासकार जुन्या स्थानिक वाणांतच शोधतात. हैदराबादजवळ पतंचेरूला इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या जनुकपेढीत नाचणीचे हजारो नमुने जपले आहेत तेही त्यासाठी. १०० ग्रॅममागे ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम देणाऱ्या या धान्याला वर्षानुवर्षे 'भरड' म्हणून बाजूला सारले गेले. २०१८ मध्ये केंद्र सरकारने 'पौष्टिक तृणधान्य' हे नाव दिले, ते लेखनात जरूर वापरावे.

प्रश्न : 'वाण' पुल्लिंगी की नपुंसकलिंगी?

प्रतिसाद : बियाण्याच्या अर्थाने दोन्ही रूढ आहेत, एका लेखात एकच ठेवा. 'वाण नाही पण गुण लागला' यातला वाण म्हणजे रंग.