६४० केबीचं खापर डॉसवर नको

जुन्या आयबीएम पीसीवर प्रोग्रामना ६४० केबीच मेमरी मिळायची, या मर्यादेचं खापर या चर्चेत वर डॉसवर (तेव्हाच्या ऑपरेटिंग सिस्टमवर) फोडलंय ते मला अजिबात पटत नाही. त्या पीसीतल्या ८०८८ प्रोसेसरला ॲड्रेस लाइन्सच (मेमरीतली जागा सांगणाऱ्या तारा) २०, म्हणजे सगळं मिळून १ एमबी, त्यातला वरचा ३८४ केबीचा पट्टा आयबीएमनं १९८१ च्या पीसीत डिस्प्ले कार्ड, बायोस (मशीन सुरू करणारा, चिपमधला प्रोग्राम) वगैरेंसाठी राखून ठेवला, मग प्रोग्रामना उरले ६४०.

आणि खरी भारी गोष्ट इथे कोणी लिहिलीच नाहीये, नुसतं मोनोक्रोम (एकरंगी) डिस्प्ले कार्ड असेल आणि मेमरी बोर्डावर तशी सोय असेल तर त्याच डॉसमध्ये ७०४ केबी सलग मिळायचे, सीजीए या रंगीत कार्डावर तर ७३६, कारण या कार्डांची मेमरी तिथून पुढे सुरू व्हायची. ईजीए-व्हीजीए या नंतरच्या कार्डांनी ग्राफिक्ससाठी ६४० च्या लगेच वरची जागा घेतली तेव्हा ती वाट बंद झाली.