मदत हवी आहे: बीएनवायएसनंतर महाराष्ट्रात नोंदणी कुठे होते?

नमस्कार. धाकट्या बहिणीची यंदा बारावी झाली, जीवशास्त्र घेऊन. तिला बीएनवायएस, म्हणजे निसर्गोपचार आणि योगाची साडेपाच वर्षांची पदवी (साडेचार वर्षं अभ्यास, एक वर्ष इंटर्नशिप) करायची आहे. नीटमध्ये मार्क कमी पडले म्हणून नव्हे, तिची आवडच ही आहे. आम्ही भांडुपला राहतो.

पुण्याला बापू भवनात, म्हणजे राष्ट्रीय निसर्गोपचार संस्थेत जाऊन आलो. उपचार सहाय्यकाचा वर्षाचा कोर्स तिथे आहे, पण तिला डॉक्टर व्हायचंय. कर्नाटकातल्या उजिरे आणि म्हैसूरच्या बीएनवायएस कॉलेजांची माहिती काढली आहे. बाहेर राहायला ती तयार आहे. दादरच्या एका क्लासने पत्राद्वारे डिप्लोमा सुचवला, तो नको. त्यावर रुग्ण तपासणं आम्हाला पटत नाही.

अडलंय ते नोंदणीवर. 2020 च्या भारतीय चिकित्सा पद्धती आयोगाच्या कायद्यात आयुर्वेद, युनानी, सिद्ध आणि सोवा-रिग्पा (तिबेटी वैद्यक) आहेत, निसर्गोपचार नाही. म्हणजे केंद्राची परिषदच नाही, सगळं राज्यावर. पुढे तिला मुंबईतच काम करायचं आहे, आणि साडेपाच वर्षांनंतर हा प्रश्न पडायला नको, म्हणून आत्ताच विचारते.

कृपया ऐकीव नको, स्वतः बीएनवायएस केलेल्यांनी किंवा ज्यांच्या घरात कोणी केलंय त्यांनी सांगा: कर्नाटकातून पदवी घेऊन आल्यावर तुमची नोंदणी नेमकी कुठे झाली, आणि तिच्यावर मुंबईत स्वतःचा दवाखाना काढता आला का, की फक्त एखाद्या केंद्रात नोकरीच करावी लागली?