खाडीकाठच्या चिकणमातीचं वय आणि भूकंप: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

दाभोळ खाडीच्या काठी आमची खाजणाची जागा आहे. सहा वर्षांपूर्वी बाबांनी तिथे मुरमाचा दीड मीटर भराव टाकला, आता घर बांधायचंय. मागच्या महिन्यात बोअर मारून घेतले. भरावाखाली सहा मीटर काळपट खाडीचा गाळ, बोट सहज रुततं, मध्ये शिंपल्यांचे तुकडे. त्याखाली पिवळट चिकणमाती, इतकी कडक की नखाने जेमतेम ओरखडा उठतो. मग कातळ.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा धक्का बसला तेव्हा आजी बाबांना उचलून अंगणात धावली होती. म्हणून हा विषय घरात निघतोच. इंजिनिअर म्हणतात, "चिकणमाती जितकी जुनी तितकी भूकंपात टिकते. ही हजारो वर्षांची आहे, काळजी नको."

पण वीसेक हजार वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा १२० मीटर खाली होता, आजच्या पातळीजवळ आला तो सुमारे सात हजार वर्षांपूर्वी. म्हणजे वरचा गाळ त्यानंतरचाच असणार. याला जुना म्हणायचं का? आणि भरावाचा काही परिणाम होतो का? जाणकारांनी कृपया सांगा.

---

प्रतिसाद:

दादा, नुसती वर्षं मोजून चालत नाही. एकाच भाराखाली माती पडून राहिली की कण हळूहळू जवळ सरकतात, त्यांच्यातले बंध घट्ट होतात आणि हेलकावे सोसायची ताकद वाढते. पण पूर्वी कधी सोसला नव्हता एवढा भार पडला की हे बंध तुटतात. दीड मीटर मुरूम कोवळ्या गाळाला, निदान त्याच्या वरच्या थराला, भारीच. तिथलं वय पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. खालची पिवळी माती बहुधा समुद्र मागे असताना उन्हात वाळलेली आहे, तिचा कडकपणा सगळाच वयाचा नाही.

भूकंपात गाळ ओल्या वाळूसारखा एकदम पातळ होत नसला तरी मऊ पडतो, शिवाय धक्का वाढवतो. १९८५ च्या भूकंपात मेक्सिको सिटी केंद्रापासून साडेतीनशे किलोमीटरवर होती, तरी जुन्या तळ्याच्या चिकणमातीवरच्या इमारती पडल्या.

तपासणीला नेताना नळीतला नमुना गाडीत हादरला तरी बंध सुटतात, म्हणून जागेवरच व्हेन शिअर चाचणी (मातीत पातं खुपसून फिरवायचं आणि किती जोर लागतो ते मोजायचं) करून घ्या. एकदा न हलवलेल्या मातीत, मग तिथेच पातं फिरवून घोटल्यावर. दोन आकड्यांत फार तफावत आली तर तो गाळ धोक्याचा.

भराव अजून बसतोय का? कुंपणाच्या खांबावर खूण केली असेल तर किती खाली गेलीय ते आधी कळवा.