मदत हवी आहे: कायरोप्रॅक्टरचा ३६ सिटिंगचा प्लॅन घ्यावा का? आईसाठीही विचारते आहे

जास्वंद:

मंडळी, सल्ला हवा आहे आणि जरा घाईने हवा आहे. शुक्रवारी मला एका कागदावर सही करायची आहे किंवा नाही म्हणून यायचं आहे.

जानेवारीत दारातला बर्फ उपसताना माझ्या कमरेत उसण भरली. फावडं भरून वळले आणि डाव्या बाजूला अशी चमक आली की गाडीला धरून तिथेच उभी राहिले, हाक मारायलाही श्वास पुरेना. आमच्या डॉक्टरांनी नीट तपासलं. झोपवून एकेक पाय सरळ वर उचलला, पायाचा अंगठा जोर लावून वर ओढायला सांगितला, गुडघ्यावर हातोडी मारली. म्हणाल्या, नसेवर दाब दिसत नाही, एक्स-रेची गरज नाही, झोपून राहू नका, शेका, हळूहळू उतरेल. पण दोन आठवड्यांनंतरही सकाळी मोजे घालताना रडू यायचं. तेव्हा शेजारणीने तिच्या कायरोप्रॅक्टरचं, म्हणजे हाताच्या झटक्याने मणक्यांवर उपचार करणाऱ्याचं, नाव सुचवलं.

आम्ही अमेरिकेत, आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्टला राहतो. नवऱ्याच्या नोकरीमुळे तीन वर्षांपूर्वी पुण्याहून आलो. कायरोप्रॅक्टिकचा जन्मच या गावचा. इथे जागोजागी पाट्या दिसतात, आणि ब्रॅडी स्ट्रीटच्या चढावर त्यांचं पहिलं कॉलेज आहे. जायच्या आधी मी जमेल तेवढं वाचून घेतलं. ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी सांगते, म्हणजे माझी अडचण कळेल.

१८९५ च्या सप्टेंबरात डी. डी. पामर नावाच्या गृहस्थांनी (ते तेव्हा चुंबकीय उपचार करायचे) त्याच इमारतीत साफसफाईचं काम करणाऱ्या हार्वी लिलार्ड यांच्या पाठीतला एक उंचवटा हाताने दाबून बसवला. लिलार्ड यांना १७ वर्षं नीट ऐकू येत नव्हतं, आणि पामर यांच्या सांगण्यानुसार त्यानंतर ऐकू येऊ लागलं. ग्रीक भाषेतल्या ‘हात’ आणि ‘कृती’ या शब्दांवरून उपचाराला नाव मिळालं, १८९७ साली शाळा निघाली. सिद्धान्त असा, की शरीरात स्वतःला बरं करणारी उपजत शक्ती असते, ती मज्जातंतूंच्या वाटेने फिरते, आणि मणका जागचा जरासा हलला की वाट अडून रोग होतो. अशा हललेल्या मणक्याला ते सबलक्सेशन म्हणतात आणि हाताच्या झटक्याने तो जागेवर आणण्याला ॲडजस्टमेंट. १०० पैकी ९५ रोग मणक्यांमुळेच होतात, असं पामर यांनी लिहून ठेवलं आहे.

मला खटकलं ते इथे. ऐकण्याची नस कानातून थेट मेंदूत जाते, पाठीच्या कण्याशी तिचा संबंध नाही. मग पाठ दाबून कान कसे उघडले? पण आजचे सगळेच कायरोप्रॅक्टर हा जुना सिद्धान्त धरून बसलेले नाहीत, हेही वाचलं. बरेच जण पाठ, मान, सांधे एवढंच बघतात, व्यायाम शिकवतात आणि गरज वाटली तर डॉक्टरकडे पाठवतात. शिक्षणही किरकोळ नाही. कॉलेजनंतर साधारण चार वर्षांचा अभ्यास, मग परीक्षा, मग राज्याचं लायसन्स. म्हणून मोकळ्या मनाने गेले.

पहिल्या दिवशी त्यांनी मला उजव्या कुशीवर झोपवलं. वरचा गुडघा वाकवून टेबलाच्या कडेवर आणला, खांदा हलकेच मागे नेला. एक हात खांद्यावर, दुसऱ्या हाताचा तळवा कमरेखाली. म्हणाले, श्वास सोडा. श्वास संपता संपता एक छोटा झटका, आणि कट्. आपण बोटं मोडतो तोच आवाज, फक्त खोल आतून आलेला. दुखलं अजिबात नाही. त्या संध्याकाळी मी वाकून खालच्या कपाटातला कुकर काढला. हा आराम खरा होता, तो मी नाकारणार नाही.

(तो आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो, हे मला नंतर कळलं. सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवात, दोन हाडं एकदम दूर झाली की वायूची पोकळी तयार होते. २०१५ साली कॅनडातल्या संशोधकांनी बोट ओढताना एमआरआयमध्ये हे टिपलं.)

दुसऱ्या दिवशी निम्मं दुखणं परत आलं. दुसऱ्या खेपेला त्यांनी एक्स-रे काढला, तिसऱ्या खेपेला तो पडद्यावर लावून लाल रेघा मारून दाखवल्या. मानेचा बाक गेलाय, तीन ठिकाणी सबलक्सेशन आहे, आठवड्याला ३ याप्रमाणे १२ आठवडे, ३६ सिटिंग, पैसे आगाऊ भरले तर सूट. दुखतेय कंबर, मान कधीच दुखली नाही. मी तसं म्हटल्यावर उत्तर मिळालं की आत्ता दुर्लक्ष केलं तर पुढे पचनापर्यंत त्रास जाईल. घाबरले, खोटं कशाला सांगू.

आणि मग फॅमिली प्लॅन. आई १५ मार्चला साताऱ्याहून येतेय, सहा महिन्यांसाठी. वय ६९. तिचीही पाठ दुखते, उंची कमी झाल्यासारखी वाटते, मागच्या पावसाळ्यात मोरीत घसरून मनगट मोडलं होतं. हे मी बोलता बोलता सांगितलं, तर ते म्हणाले आणा त्यांनाही, त्याच पैशात बसवू.

आईला फोनवर सांगितलं तर तिने विचारलं, “तिकडे कुणी पायाळू नाही का मिळत?” आमच्या आळीत एक पायाळू काकू होत्या. बाबांना उसण भरली की त्यांना बोलावणं जायचं. बाबा पालथे पडायचे, काकू भिंतीला धरून डाव्या पायाने पाठीवरून हळूच दाबत जायच्या, जोडवी फरशीवर वाजायची. बाबा उठून चहा घ्यायचे. गेले चार दिवस माझ्या मनात हेच चाललंय, की त्या काकूंनी कधी सांगितलं नाही की आता ३६ वेळा येते, नाहीतर तुमचं पोट बिघडेल.

तर मला विचारायचंय ते असं. कंबरेसाठी अजून चार-पाच वेळा जाऊन थांबलं तर चालतं का? मानेला हात लावू द्यावा का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, आईला न्यावं का? कुणाला स्वतःचा किंवा घरच्यांचा अनुभव असेल तर कृपया लिहा.

गोदाकाठ:

जास्वंद, मी नाशिकला फिजिओथेरपिस्ट आहे, २२ वर्षं हेच काम करतेय. आधी आईंबद्दल. त्यांना झटक्याचे उपचार देऊ नका. मनगट घसरून मोडलं, उंची घटली, वय ६९, म्हणजे हाडं ठिसूळ झाली असण्याची दाट शक्यता आहे. अशा मणक्यावर जोराचा झटका दिला तर मणका दबून मोडू शकतो. निघण्याआधी डेक्सा तपासणी (हाडांची घनता मोजणारी) करून घ्या. कुणी ही चौकशी न करताच ‘आणा’ म्हणत असेल तर तिथे तुम्हीही जाऊ नका.

तुमच्या कंबरेचं वेगळं आहे. २०१७ साली अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने नव्या कंबरदुखीसाठी गोळ्यांच्या आधी शेक, मसाज, ॲक्युपंक्चर किंवा मणक्यांचं मॅनिप्युलेशन (म्हणजे हाताने दिलेला असाच झटका) सुचवलं, आणि त्याच शिफारशीत हेही सांगितलं की असं बहुतेक दुखणं काही केलं नाही तरी ओसरतं. तेव्हा तुम्हाला आराम पडला यात नवल नाही, त्यासाठी ३६ वेळा जायची गरज मात्र नाही. चार-सहा वेळांत फरक टिकत नसेल तर उपाय बदला. उसण भरली तेव्हा स्नायूंनी कंबर जखडून धरली होती. झटक्याने ती पकड काही तास सुटते. तेवढ्या वेळात चालायचं, वाकायचं, पुलासारखी कंबर उचलायचा व्यायाम करायचा, तेव्हा ते टिकतं. नुसतं टेबलावर पडून टिकत नाही.

एक्स-रेमध्ये मानेचा बाक कमी दिसणं हे धडधाकट माणसांतही सर्रास आढळतं. न दुखणाऱ्या मानेला झटका घेऊ नका. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला चीर पडून पक्षाघात झाल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. फार विरळा आहे, पण फायदाच नसेल तर विरळा धोका तरी का पत्करायचा?

आणि हे सगळ्यांनी लक्षात ठेवा. कंबरदुखीबरोबर लघवी अडली किंवा नकळत झाली, बैठकीची जागा बधिर झाली, पाय लुळा पडू लागला, ताप आला किंवा वजन उतरत असेल, तर कुणाकडेही चोळायला-मोडायला न जाता थेट हॉस्पिटल गाठा.

हडसनपार:

मी न्यू जर्सीत. माझा कायरोप्रॅक्टर पहिल्याच दिवशी म्हणाला होता, सहा वेळा ये, बरं नाही वाटलं तर मी तुला पुढे पाठवेन. पाचव्या खेपेला त्यानेच बंद केलं. त्यामुळे सगळ्यांना एका मापाने मोजू नका. आगाऊ पैसे मात्र कुणालाच देऊ नका. जास्वंद, आईंचा प्रवासी विमा आधी वाचून घ्या, जुनी दुखणी बहुतेक वेळा त्यात धरत नाहीत.

गोदाकाठ:

हडसनपार, बरोबर. भारतातल्या वाचकांसाठी एक सांगते. अमेरिकेत निदान लायसन्स विचारता येतं. आपल्याकडे या विद्येची वेगळी नोंदणी परिषद नाही. कट्-कट् आवाजाचे व्हिडिओ बघून जाण्याआधी समोरच्याचं मूळ शिक्षण कोणतं, हे तोंडावर विचारा.

जास्वंद:

गोदाकाठताई, तुमचं उत्तर वाचून आधी आईला फोन लावला. मामा उद्या तिला डेक्साला नेतोय.

क्लिनिकला आज सकाळीच जाऊन आले. मान नको, प्लॅन नको, झालेल्या तीन वेळांचे पैसे देते असं सांगितलं. त्यांनी दहा मिनिटं समजावलं, मी एक्स-रेची प्रत मागितली, ती मिळाली. आमच्या डॉक्टरांनी तो पाहिला. माझ्या वयाला साजेसा आहे म्हणाल्या आणि फिजिकल थेरपीची चिठ्ठी दिली. पुलासारखा व्यायाम कालपासून सुरू केलाय, सकाळी दहा वेळा. मोजे अजून बसूनच घालते.

आता एकच विचारते. मुंबई ते शिकागो इतका वेळ आईने विमानात बसायचं, तर पाठीमागे काय ठेवावं, आणि किती वेळाने उठावं? व्हीलचेअर सांगून ठेवली आहे.