मदत हवी आहे: गरम-गार पाण्याच्या मिश्रणाचं तापमान कमी का भरतं?

दहावीला ‘उष्णता’ शिकवतेय आणि मिश्रणाचा प्रयोग हिशेबाला बसत नाहीये. स्टीलच्या पेल्यात 28 अंश सेल्सिअसचं 100 ग्रॅम पाणी, त्यात 80 अंशांचं 100 ग्रॅम ओतलं. यायला हवं 54. तिन्ही वेळा 50 च्या आसपास आलं.

थर्मामीटर वितळत्या बर्फात शून्यच दाखवतो. पेल्याभोवती थर्मोकोल, वर पुठ्ठ्याचं झाकण आहे, आणि ढवळूनच वाचन घेतलंय. पेलाही उष्णता घेतो हेही धरलं: 150 ग्रॅम स्टील म्हणजे साधारण 18 ग्रॅम पाण्याइतकं, तरी उत्तर 52 येतं.

उरलेले 2 अंश कुठे गेले? ओतताना वाफ दिसते, झाकणाला आतून थेंब धरतात, म्हणून मला बाष्पीभवनाचा संशय आहे. 80 अंशांना 1 ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे 550 कॅलरी जातात, म्हणजे एवढ्या फरकाला ग्रॅमभर वाफही पुरे. पण माझ्या काट्याला ग्रॅमच्या खालचं कळत नाही.

शाळेत कॅलरीमापी नाही, तास 40 मिनिटांचा. उष्णता वाफेने गेली की ओतताना हवेत, हे मुलांना वेगळं करून कसं दाखवू? उलट, गार पाणी गरमात ओतून पाहिलं तर काही कळेल का?